चिचुंद्री काय बोलते?

पावसाळ्याची रात्र होती. विठ्ठलवाडीतील आमच्या तळमजल्याच्या घरात दिवे मालवून आम्ही नुकतेच पडलो होतो. इतक्यात मोरीकडून ‘चिक् चिक् चिक्’ असा आवाज आला. कोणी मुठीत नाणी खुळखुळवावीत तसा! ‘उंदीर शिरला’ म्हणून मी दिवा लावला आणि चप्पल उचलली. पाहतो तो भिंतीच्या कडेने लांब तोंडाची एक करडी चिचुंद्री चालली आहे आणि तिच्या मागे, पुढच्याच्या शेपटीचा बुंधा तोंडात धरून, तीन पिल्ले! जणू इंजिनाला जोडलेले तीन डबेच. वर गेलेला हात तसाच खाली आला.

विद्यार्थी मित्रांनो, पाश्चात्त्य देशांत फेरेट नावाचा लांबट अंगाचा प्राणी हौसेने पाळतात. तो खेळताना खुशीत ‘डुक् डुक्’ करतो, घाबरला की फिस्कारतो. पाळणारे त्याची ही भाषा शिकून घेतात. आपल्या घरात न पाळता वावरणाऱ्या चिचुंद्रीच्या वाट्याला मात्र चप्पल येते, किंवा विषाची गोळी.

याचे कारण एक गैरसमज. लिनीअसने १७६६ साली तिला नाव देताना ‘म्युरिनस’, म्हणजे ‘उंदरासारखी’, हा शब्द वापरला. पण साम्य दिसण्यापुरतेच आहे. उंदीर हा कृंतक प्राणी. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढतात, म्हणून तो सारखा कुरतडतो. चिचुंद्रीचे दात बारीक व अणकुचीदार असतात, ते किडे फोडण्यासाठी. झुरळे हे तिचे आवडते खाद्य. तिच्या कुशीवरील ग्रंथींतून उग्र दर्प येतो. त्यामुळे मांजरही तिला मारले तरी बहुधा खात नाही.

उंदीर चोरपावलांनी येतो. चिचुंद्री आवाज करीत येते. तिचे डोळे अगदी लहान, दृष्टी अधू. म्हणून ती भिंतीला अंग लावून, नाक हलवीत, वास आणि स्पर्श यांच्या आधाराने वाट काढते. दोन चिचुंद्र्या समोरासमोर आल्या की हाच आवाज चिरका आणि भांडखोर होतो.

तिच्या परदेशी भाईबंदांपैकी काही जाती उच्च कंप्रतेचा आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवरून परिसराचा अंदाज घेतात, असे १९६४ साली अमेरिकेतील प्रयोगांत आढळले. उच्च कंप्रताच का? गणित सोपे आहे. हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. कंप्रता ३४० हर्ट्झ असेल तर तरंगलांबी १ मीटर होते. एवढा तरंग लहानशा वस्तूला वळसा घालून निघून जातो. कंप्रता ३४,००० हर्ट्झ केली की तरंगलांबी १ सेंटिमीटरवर येते आणि लहान अडथळ्यावरूनही ध्वनी परततो. आपला कान मात्र सुमारे २०,००० हर्ट्झपाशीच थांबतो.

चिचुंद्रीला हात लावू नका; तिच्या अंगावरील पिसवांतून रोग पसरू शकतात. अन्न झाकून ठेवा, दार किलकिले करा. ती आपली वाट शोधते. जमल्यास वहीत नोंद करा : आवाज किती वाजता आला, ती थांबली तेव्हा बंद झाला का, वळताना वाढला का?

त्या रात्री आमच्या घरची ‘गाडी’ मोरीच्या भोकातून सुखरूप बाहेर पडली. शेवटचा डबा तेवढा जरा अडखळला होता.