ओट्याचा दगड: चकचकीत, मॅट की लेदर?

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत कर्जाचे तीन अर्ज आले. एक शिलाई मशीनसाठी, एक मुलाच्या फीसाठी आणि तिसरा ओट्यासाठी. तिसरा अर्ज वाचल्यावर दोघीतिघी हसल्या. ओट्याला कशाला कर्ज, म्हणे. पण अर्ज करणारी ताई रोज पहाटे चारला उठून पोळ्यांची ऑर्डर लाटते. तिचा ओटा म्हणजे तिचं दुकानच. अर्ज मंजूर झाला. मग तिने मला विचारलं, "ताई, दुकानदार विचारतोय पॉलिश कुठलं पाहिजे. काय सांगू?" आजचं बोलणं त्या प्रश्नावर आहे.

आधी माझ्याच घरची फजिती सांगते. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी आम्ही ओटा बदलला. काळा कुळकुळीत कडाप्पा होता, आरशासारखा चमकणारा, आणि ग्रॅनाइटपेक्षा बराच स्वस्त. मी खूश झाले. सासूबाईंनी महिनाभरात लिंबाचं लोणचं घातलं, रस सांडला, आणि पुसल्यावर तिथे पांढुरके, निस्तेज चट्टे उठले. आम्हाला वाटलं, डाग आहे. म्हणून मी बाथरूम घासायचं ॲसिड आणून त्यावर ओतलं. मैत्रिणींनो, जे चार चट्टे होते त्यांचं एक मोठं मैदान झालं.

चूक दुकानदाराची आणि माझी, दोघांची होती. तो दगड काय आहे हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. कडाप्पा हा चुनखडीचा दगड, आंध्र प्रदेशातल्या कडपा जिल्ह्यावरून त्याला हे नाव पडलं. आपल्या आजीच्या घरातली शहाबादी फरशी कर्नाटकातून येते, कोटा राजस्थानातून, आणि या दोन्ही चुनखडीच्याच. मकराण्याचा संगमरवरही त्याच कुळातला. या सगळ्यांचं आंबटाशी वैर आहे. लिंबू, चिंच, कोकम, व्हिनेगर, दही, टोमॅटो यांतलं आम्ल दगडाचा वरचा पातळ थर खातं. म्हणजे तो डाग नसतोच. तिथला दगड झिजलेला असतो, आणि झिजलेलं कितीही घासलं तरी निघत नाही. ग्रॅनाइट वेगळ्या जातीचा, तापलेल्या शिलारसातून (मॅग्मातून) जमिनीच्या पोटात हळूहळू थंड झालेला. त्याला लिंबू काही करत नाही.

आता फिनिश म्हणजे काय ते बघू. आपल्याकडे पूर्वी पाट्याला टाकी लावायला बाया दारोदार येत. पाटा वापरून गुळगुळीत झाला की मसाला वाटला जात नाही, नुसता घसरतो. मग छिन्नीने ठोकून त्याला पुन्हा खरखरीत करायचं. दगड तोच, आपल्या सह्याद्रीचा काळा बेसाल्ट, पण काम वाटण्याचं म्हणून त्याचा पृष्ठभाग खडबडीत लागतो. ओट्याचं काम पुसण्याचं, म्हणून तो गुळगुळीत हवा. टाकी लावणाऱ्या बाईला जे कळत होतं, ते दगडाच्या शोरूममध्ये कुणी सांगत नाही.

दगडाची लादी कापली की ती खडबडीत असते. मशीनखाली पाणी सोडत तिला आधी जाड, मग बारीक, मग अजून बारीक घर्षणाच्या चकत्यांनी घासत नेतात. मधेच थांबलं की होन फिनिश, आपण मॅट म्हणतो ते. शेवटपर्यंत घासत गेलं की मिरर पॉलिश. आणि तारांसारख्या कडक ब्रशने घासून पृष्ठभागावर हलके उंचवटे-खळगे ठेवले की लेदर फिनिश. हाताला ते खरंच चामड्यासारखं लागतं. आगीच्या झोताने फुलवलेलं फ्लेम फिनिश असतं, ते जिन्यासाठी आणि अंगणासाठी, पाय घसरू नये म्हणून. ते ओट्यावर घालायचा सल्ला कुणी दिला तर दुसऱ्या दुकानात जा.

ओट्याला यातलं कुठलं? ग्रॅनाइट घेणार असाल तर मला विचाराल तर मिरर पॉलिश. दिसायला छान म्हणून नव्हे. घासून घासून वरची बारीक भोकं जितकी मिटतात, तितकं तेल आणि हळद आत कमी शिरते. आपल्या घरांत ओटा दोनशे पंचवीस किंवा तीनशे चौरस फुटांच्या खोलीत असतो. तिथेच फोडणी, तिथेच मासे साफ करायचे, तिथेच मुलांचा डबा भरायचा. फडक्याने एकदा पुसलं की स्वच्छ झालं पाहिजे. पॉलिशचा तोटा एवढाच, की काळ्या दगडावर पाण्याचे थेंब वाळून पांढरे ठिपके दिसतात आणि उजेड डोळ्यांत येतो. संध्याकाळी कोरड्या फडक्याने पुसायची सवय लावली तर हा त्रास राहत नाही.

लेदर फिनिशचं सध्या फार कौतुक चाललंय. बोटांचे ठसे दिसत नाहीत हे खरं. पण आमच्या पोळीवाल्या ताईसारखं रोज पीठ, कणीक, तेल असेल तर खळग्यांत पीठ बसतं आणि घासायला ब्रश घ्यावा लागतो. पहाटे चारला ब्रश कोण घेणार! ज्यांच्या घरी ओट्यावर पाणी गरम करण्यापलीकडे फार काही होत नाही, त्यांनी खुशाल घ्यावं.

कडाप्पा घ्यायचा असेल, आणि पैशांमुळे पुष्कळ जणी घेतात, त्यात कमीपणा काही नाही, तर मात्र उलटं करा. चमक मागू नका, मॅट मागा. चमकत्या पृष्ठभागावर आंबटाचा चट्टा लगेच डोळ्यात भरतो, मॅटवर तो कमी दिसतो. आमच्या त्या बिघडलेल्या ओट्यावर शेवटी मिस्त्रीने पाणी टाकून वॉटर पेपरने सगळीकडे सारखं घासलं, चमक पूर्ण घालवली, आणि तोच ओटा आजही चालू आहे. काही जणी कडाप्पा काळा दिसावा म्हणून तेल पुसतात. दोन दिवस छान दिसतो, मग त्यावर धूळ आणि चिकटा बसतो.

दुकानात जाताना पिशवीत तीन गोष्टी ठेवा: अर्धं लिंबू, पाण्याची छोटी बाटली, आणि नेलपॉलिश काढायचं रिमूव्हर कापसासकट. हसू नका. दगडाचा तुकडा मागून घ्या. त्यावर लिंबाचा थेंब ठेवा आणि दहा मिनिटांनी पुसा. चमक गेली तर तो चुनखडीचा, मग त्याला ग्रॅनाइट म्हणून कितीही भाव सांगो. दुसऱ्या जागी पाणी ठेवा. लगेच गडद डाग उमटला तर दगड पाणी पितो, म्हणजे तेलही पिईल, आणि बसवल्यावर सीलर लावावाच लागेल. तिसरं, काळ्या दगडावर रिमूव्हरचा कापूस घासा. कापूस काळा झाला तर दगडाला रंग दिलाय. लादी उलटी करूनही बघा. मागे जाळी चिकटवलेली असेल तर का चिकटवली ते विचारा. बहुतेक वेळा दगड नाजूक असतो म्हणून, आणि मग सिंकच्या पुढची अरुंद पट्टी तडकायची भीती जास्त.

दगडाने तेल प्यायलंच, तर खायच्या सोड्याची पाण्यात घट्ट पेस्ट करून डागावर थापा, वर प्लॅस्टिक झाका आणि रात्रभर ठेवा. सोडा तेल ओढून घेतो. एकदा न गेलं तर दोनतीनदा करा.

आता जे मला आज खरं सांगायचंय ते. गोवंडीत गवंडी काही कमी नाहीत, आणि बरेचसे कामाला आले की दगड घरातच कापतात. सिंकचं भोक, कडेचं गोल मोल्डिंग, सगळं कोरड्या ग्राइंडरने. दहा मिनिटांत खोली पांढरी होते. ग्रॅनाइटच्या त्या धुळीत सिलिका असते. रोज ती श्वासात गेली तर फुप्फुसं कायमची कडक होतात. त्याला सिलिकोसिस म्हणतात, ते बरं होत नाही, आणि ज्याला ते झालंय त्याला टीबी होण्याची शक्यता वाढते. आपल्या वस्तीत टीबीचं औषध चालू असलेलं घर शोधायला लांब जावं लागत नाही. हा धोका सगळ्यात जास्त त्या कापणाऱ्या पोराला. तुमच्या घरात काम एका दिवसाचं, पण तो रोज हेच करतो. पुष्कळदा तोही आपल्याच गल्लीतला, कुणाचा तरी नवरा किंवा भाऊ असतो.

कृत्रिम क्वार्ट्झच्या ओट्याबद्दलही विचारणा होते. त्यात सिलिका नव्वद टक्क्यांच्या वर असू शकते. कामगारांच्या फुप्फुसांवर झालेला परिणाम बघून ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून असा दगड वापरायलाच बंदी घातली.

म्हणून भाव ठरवतानाच बोलून घ्या. माप आधी नीट घ्या, सिंक आणि शेगडी कुठे ते कागदावर काढा, आणि कापणं, मोल्डिंग, पॉलिश सगळं दुकानातच पाणी सोडत करून मागा. कडेच्या खालच्या बाजूला एक बारीक खाचही पाडून घ्या, म्हणजे ओट्यावरून ओघळलेलं पाणी खालच्या कपाटात न जाता तिथूनच टपकेल. घरात थोडं घासावं लागलंच, तर पाणी धरायला एक माणूस उभा करा, मिस्त्रीला नीट बसणारा मास्क लावायला सांगा, साधा रुमाल चालत नाही. मुलांना आणि घरातल्या आजारी माणसाला शेजारी पाठवा, आणि पिठाचे डबे बाहेर काढा. नंतर झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. याचे थोडे जास्त पैसे मागतील. आमच्या ताईकडेही मागितले. तिने कर्जाच्या हिशोबात ते आधीच धरले होते, आणि ग्रॅनाइट घेतला, पॉलिशवाला.