मिश्र अध्यापन पद्धती आणि समवायाचे तत्त्व : वर्धा जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या संदर्भात

प्रस्तावना :

मार्च २०२० मध्ये कोविड-१९ च्या टाळेबंदीमुळे देशातील महाविद्यालये बंद झाली आणि अध्यापन अल्पावधीतच ऑनलाइन माध्यमाकडे वळले. ती संकटकाळातील निकड होती. वर्ग पुन्हा भरू लागल्यानंतर मात्र ऑनलाइन व प्रत्यक्ष अध्यापन यांचा एकत्रित वापर, म्हणजेच मिश्र अध्यापन पद्धती, हा धोरणाचा विषय बनला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये या पद्धतीचा पुरस्कार केलेला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संकल्पना टिपणात अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन व उर्वरित भाग प्रत्यक्ष शिकविण्याची शिफारस केली.

चार श्रेयांकांच्या, ६० तासिकांच्या विषयात ४० टक्के म्हणजे २४ तासिका होत. या २४ तासिका कोणत्या असाव्यात, हा प्रश्न टक्केवारीने सुटत नाही. वर्ध्यातच विकसित झालेल्या नई तालीमच्या समवाय तत्त्वाच्या आधारे या प्रश्नाचा विचार सदर लेखात केला आहे.

मिश्र अध्यापनाची पार्श्वभूमी :

तंत्रज्ञानाच्या साहाय्याने शिक्षण दूरवर पोहोचविण्याचा प्रयत्न भारतात नवा नाही. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी कार्यक्रम दाखविण्याचा 'साइट' प्रयोग झाला. १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनवर प्रसारित होऊ लागले. सप्टेंबर २००४ मध्ये केवळ शैक्षणिक सेवेसाठी 'एज्युसॅट' हा उपग्रह अवकाशात सोडण्यात आला. जुलै २०१७ मध्ये 'स्वयम्' हे संकेतस्थळ सुरू झाले. नाशिक येथे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने स्वयंअध्ययनाची पुस्तके आणि अभ्यासकेंद्रांवरील संपर्कसत्रे यांची जोड घातली. तीही मिश्र अध्यापनाचीच एक पूर्वावस्था म्हणता येईल.

परिणामकारकतेबाबत अमेरिकेच्या शिक्षण विभागाने २०१० मध्ये प्रकाशित केलेले संशोधन-परीक्षण उल्लेखनीय आहे. केवळ प्रत्यक्ष अध्यापनापेक्षा मिश्र अध्यापनातील विद्यार्थ्यांची संपादणूक काहीशी सरस आढळली. तथापि अशा विद्यार्थ्यांना बहुधा अभ्यासासाठी अधिक वेळ व अधिक साहित्य मिळालेले होते. त्यामुळे या लाभाचे श्रेय केवळ माध्यमाला देता येत नाही, असेही तेथे स्पष्ट केले आहे. अभ्यासाची मांडणी कशी केली जाते, यावर फलनिष्पत्ती अवलंबून असते, हाच त्यातून निघणारा बोध होय.

समवायाचे तत्त्व :

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. परिषदेने नेमलेल्या डॉ. झाकीर हुसेन समितीने सात वर्षांच्या, मातृभाषेतून दिल्या जाणाऱ्या, उद्योगकेंद्री शिक्षणाचा आराखडा सादर केला. या विचारात समवाय ही मध्यवर्ती संकल्पना आहे. उद्योग, निसर्ग आणि समाज यांच्याशी जोडून ज्ञान द्यावयाचे, अशी तिची धारणा आहे. सूतकताई आणि गणित या दोन स्वतंत्र तासिका शेजारी शेजारी ठेवल्याने समवाय होत नाही. कातलेल्या सुताच्या मोजणीतून गणित उभे राहते, तेव्हा समवाय साधतो.

नई तालीम ही शालेय शिक्षणाची योजना होती. तरीही मिश्र अध्यापनाला हा भेद तंतोतंत लागू पडतो. सोमवारी ऑनलाइन व्याख्यान आणि मंगळवारी वर्गात त्याच स्वरूपाचे दुसरे व्याख्यान, हे केवळ मिश्रण होय. ऑनलाइन भागात जे ग्रहण केले त्याच्याशिवाय वर्गातील काम पुढे सरकणार नाही आणि वर्गातील कामाशिवाय ऑनलाइन भाग अपुरा राहील, अशी रचना केली तरच दोहोंचा समवाय होतो.

जिल्ह्यातील उदाहरणे :

कापूस हे वर्धा जिल्ह्यातील प्रमुख पीक आहे. अर्थशास्त्राच्या वर्गात 'शेतमालाची किंमत' हा घटक घ्यावयाचा असल्यास किमान आधारभूत किंमत, कृषी खर्च व मूल्य आयोगाची भूमिका आणि उत्पादन खर्चाच्या विविध व्याख्या यांचे विवेचन ध्वनिमुद्रित स्वरूपात देता येते. हा भाग विद्यार्थी आपल्या गतीने पुन्हा पुन्हा ऐकू शकतो. त्यानंतर प्रत्येकाने आपल्या तालुक्याच्या कृषी उत्पन्न बाजार समितीतील कापसाची आवक व दर पंधरा दिवस नोंदवावेत. वर्गात या नोंदींचे सारणीकरण करावे, सरासरी काढावी आणि आधारभूत किमतीशी तुलना करावी. हिंगणघाट व आर्वी येथील नोंदींत फरक का आढळतो, ही चर्चा समोरासमोरच रंगते.

प्रत्यक्ष सहवासाला पर्याय नसतो, याचे उदाहरणही जिल्ह्यातच आहे. सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत (स्थापना १९६९) विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक खेडे दत्तक घेते. विद्यार्थी तेथील शिबिरात राहतात व सोपविलेल्या कुटुंबांशी पुढेही संपर्क ठेवतात. रोगाची लक्षणे पडद्यावर शिकता येतील. परंतु रुग्णाच्या घरचे पाणी, त्याची मजुरी आणि त्याचे मौन समजण्यासाठी उंबरठा ओलांडावाच लागतो.

मर्यादा व उपाय :

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार (२०१७-१८) देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी केवळ १४.९ टक्के कुटुंबांना इंटरनेटची सुविधा उपलब्ध होती. शहरी भागात हे प्रमाण ४२ टक्के होते. संगणक तर अवघ्या ४.४ टक्के ग्रामीण कुटुंबांत होता. त्यानंतर मोबाईलचा प्रसार वाढला. तथापि घरात एक मोबाईल असणे आणि विद्यार्थिनीला तो अभ्यासासाठी मिळणे या भिन्न गोष्टी आहेत. ज्याच्यापर्यंत ऑनलाइन भाग पोहोचत नाही, त्याचा अभ्यासक्रम ४० टक्क्यांनी कमी होतो. म्हणून पुढील पथ्ये पाळणे आवश्यक ठरते.

१) ठरावीक वेळेच्या थेट तासिकेपेक्षा साठवून ठेवता येणारे साहित्य द्यावे. चाळीस मिनिटांचे साधे ध्वनिमुद्रण सुमारे १० एमबीत मावते. तेवढ्याच वेळेच्या साध्या दर्जाच्या चित्रफितीस त्याच्या पंधरापट जागा लागू शकते.

२) ग्रंथालयातील संगणकावर हे साहित्य इंटरनेटशिवाय उपलब्ध असावे. आष्टी वा कारंजा यांसारख्या तालुक्यांतून एस.टी.ने ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला ते महाविद्यालयातच मोबाईलवर उतरवून घेता यावे.

३) मूल्यमापनात ऑनलाइन उपस्थितीला गुण न देता त्या साहित्यावर आधारित वर्गातील कामास गुण द्यावेत.

४) साहित्यनिर्मितीचा वेळ प्राध्यापकाच्या कार्यभारात मोजावा. चांगले ध्वनिमुद्रण तयार करण्यास प्रत्यक्ष तासिकेपेक्षा अधिक श्रम पडतात. ते बिनहिशेबी राहिल्यास केवळ जुन्या टिपणांची छायाचित्रे पाठविली जातील.

निष्कर्ष :

पुन्हा पुन्हा ऐकता-वाचता येण्यासारखा भाग ऑनलाइन द्यावा आणि हाताने करण्याचा, प्रश्न विचारण्याचा व परस्परांकडून शिकण्याचा भाग वर्गात घ्यावा, ही विभागणी टक्केवारीपेक्षा अधिक उपयुक्त आहे. या दोन भागांना जोडणारे काम विद्यार्थ्याच्या परिसरातून निवडल्यास समवाय साधतो. एखाद्या घटकाला असे जोडकाम सापडत नसेल, तर ४० टक्क्यांची मुभा असली तरी तो घटक वर्गातच शिकविणे श्रेयस्कर होय. मुभा ही कमाल मर्यादा आहे, उद्दिष्ट नव्हे, हे नियोजन करताना लक्षात ठेवणे अगत्याचे आहे.