उधारीवर चाललेला संप

मुंबईच्या गिरणी संपाची गोष्ट बहुतेक जण घाटकोपरपासून सुरू करतात, आणि त्यात चूक काही नाही. डॉ. दत्ता सामंत तिथे दवाखाना चालवायचे. दगडखाणीतल्या मजुरांची दुखणी बघता बघता ते त्यांच्या पगाराच्या भांडणात उतरले आणि पुढारी झाले. १९८१ च्या अखेरीस गिरणी कामगार त्यांच्या दारात गेले, आणि १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख माणसांनी साचे बंद केले. सामंतांवर, सरकारवर, मालकांवर, मान्यताप्राप्त कामगार संघटनेवर भरपूर लिहून झालं आहे. पगार बंद झालेली ही माणसं जेवली कुठे, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही.

पुष्कळ जण गावी गेले. कोकणात, साताऱ्यात, कोल्हापुरात घरच्या शेतीला लागले. उपनगरांतल्या इंजिनिअरिंग कारखान्यांत सामंतांच्या युनियन होत्या. तिथल्या कामगारांनी वर्गणी काढली, धान्यवाटप झालं. जे मुंबईतच राहिले, त्यांतल्या एकट्या पुरुषांना आधार होता खानावळीचा.

खानावळ म्हणजे पाटी लावलेलं हॉटेल नव्हे. चाळीतली दहा बाय दहाची खोली, त्यातच संसार, आणि भोवती जेवायला येणारे वीस-पंचवीस गडी. बाई पहाटे चारला स्टोव्ह पेटवायची, कारण पहिल्या पाळीचा भोंगा कुणासाठी थांबत नसे. जेवायला भाकरी-आमटी, कोकणी माणसं असतील तर सुकट-बोंबील, रविवारी जमलं तर मटण. पैसे पगाराच्या दिवशी, खाडे वजा करून. बाईला लिहिता येत नसेल तर वही मुलगा लिहायचा. यातल्या कित्येकींच्या सासवा कधीकाळी वाइंडिंग-रीलिंग खात्यात कामाला होत्या. गिरण्यांनी बायकांची भरती आटवत नेली आणि त्यांच्या हाताला चूल तेवढी उरली.

या व्यवहारात पगार थांबला की पहिला फटका बाईला. जेवणाऱ्याला नाही म्हणवत नाही, कारण तो गाववाला, बहुधा नात्यातलाच. वाणी किती दिवस थांबणार? मग सावकार, मग मंगळसूत्र गहाण. कामगारांच्या एकजुटीचं आपण तोंड भरून कौतुक करतो. तिचं व्याज कोण भरत होतं, ते सांगायचं राहून जातं.

हे आधी ओळखलं प्रेमाताई पुरव यांनी. गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या, कम्युनिस्ट चळवळीत मुरलेल्या बाई. १९७४ चा ४२ दिवसांचा गिरणी संप त्यांनी जवळून पाहिला, आणि संप मिटल्यावरही खानावळवालीचं कर्ज मिटत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. १९७५ मध्ये १४ जणींना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळालं आणि अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. यजमान दादा पुरव बँक कर्मचाऱ्यांचे पुढारी होते; बँकेच्या दारातून आत कसं जायचं हे घरात ठाऊक होतं, हेही विसरू नये. तारण नव्हतं, म्हणून बायका एकमेकींना जामीन राहिल्या. अहमदाबाद हेही गिरण्यांचंच शहर. तिथे इला भट यांच्या ‘सेवा’ या संघटनेने आदल्याच वर्षी बायकांची बँक काढली होती. बांगलादेशातली ग्रामीण बँक स्थापन व्हायला १९८३ उजाडलं. सूक्ष्मकर्जाचा इतिहास बांगलादेशापासून सांगणाऱ्यांनी परळ-लालबागच्या या खोल्यांतही एकदा डोकवायला हवं.

म्हणजे १९८२ चा संप आला तेव्हा खानावळवालीपाशी निदान संघटना होती. तरीही हा संप तिला झेपणारा नव्हता. कर्जाने धंदा तगतो, पण गिऱ्हाईकच उरलं नाही तर हप्ता फेडायचा कशातून? संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि कामगारांची बिऱ्हाडं भांडुप, डोंबिवली, विरारकडे पांगली. अन्नपूर्णा टिकली ती रूप बदलून. वाशीला नोकरदार बायकांचं वसतिगृह झालं. प्रेमाताईंची मुलगी मेधा पुरव-सामंत यांनी १९९३ पासून पुण्यात हेच काम वस्त्यांमधल्या भाजीवाल्या, घरकामवाल्यांपर्यंत नेलं. प्रेमाताईंना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली. गिरणगावातल्या मूळच्या खानावळी मात्र फार थोड्या राहिल्या.

गिरण्यांच्या जागेवर घरं देण्याची योजना पुढे आली. ती गिरणी कामगार आणि त्यांच्या वारसांसाठी आहे. खानावळवालीला तिच्यात जागा नाही. गिरणीच्या मस्टरवर तिचं नाव कधी नव्हतंच.