आंबा तीन वर्षांत फळत नाही

खेड्यात काम करणाऱ्या कुठल्याही संस्थेचा देणगीसाठीचा प्रस्ताव उघडा. शेवटी अंदाजपत्रकाचं पान असतं. बांधकाम, वाहन, संगणक, औषधं, शिबिरं, मानधन. काटछाट करायची वेळ आली की देणगीदाराचं बोट बहुधा 'मानधन' या ओळीवर येऊन थांबतं. एवढी माणसं कशाला लागतात? बांधकामाबद्दल असा प्रश्न सहसा निघत नाही. भिंतीवर पाटी लावता येते, फीत कापता येते. गावातल्या बाईला शहाणं करायला पाच वर्षं लागली, तर पाटी कुठे लावणार?

महाराष्ट्रात देणगीच्या पैशातून जे खरोखर टिकलं, ते मात्र बव्हंशी या कापल्या जाणाऱ्या ओळीतूनच उगवलेलं आहे.

जामखेडपासून सुरुवात करू. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेलं जोडपं. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन ते परतले आणि १९७० साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या जामखेडला त्यांनी काम मांडलं. दवाखाना सुरू झाला तो गुरांच्या जुन्या, पडीक दवाखान्याच्या जागेत. मदत बरीचशी परदेशातल्या चर्चसंस्थांकडून आलेली. त्यांचा पहिला बेत कागदावर अगदी सरळ होता: शिकलेल्या परिचारिका गावोगावी नेमायच्या. तो फसला. शहरात वाढलेल्या तरुण मुलींना परक्या गावात एकटं राहणं जड गेलं आणि गावाला त्यांचं बोलणं आपलं वाटेना.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. बेत फसला तरी पैसा परत मागितला गेला नाही. 'प्रस्तावात परिचारिका लिहिल्या होत्या, तेव्हा परिचारिकाच दाखवा' असा हट्ट कुणी धरला नाही. त्यामुळे दुसरी वाट धरता आली. गावातलीच बाई निवडायची, बहुधा निरक्षर, पुष्कळदा दलित, बहुतेक वेळा पोराबाळांची आई. तिला जामखेडला बोलवायचं, शिकवायचं आणि परत गावात धाडायचं. एकदाच नाही, तर आठवड्यामागून आठवडे, वर्षानुवर्षं. बाळंतपण, जुलाब, मुलांची वजनं, खोकल्याची पारख, कुष्ठरोगाचा चट्टा. वेगवेगळ्या जातींच्या बाया एकत्र राहायच्या, एकत्र जेवायच्या, आणि खरं म्हणजे तोही शिक्षणाचाच भाग होता, जरी अंदाजपत्रकात त्याची ओळ नसली तरी.

मग १९७२ चा दुष्काळ आला आणि औषधापेक्षा पाण्याची निकड मोठी ठरली. कूपनलिका खोदल्या गेल्या. हातपंप कुठे बसवायचा, हा वरवर भूगर्भशास्त्राचा प्रश्न. आरोळ्यांनी अनेक गावांत पंप दलित वस्तीत बसेल असं पाहिलं. पाणी हवं असेल तर साऱ्या गावाला तिथे हंडा घेऊन यावं लागणार. भाषण न देता अस्पृश्यतेच्या पायात अडकवलेला हा खोडा म्हणावा लागेल. त्यांच्या कार्यक्षेत्रात १९७१ साली दर हजार जन्मांमागे १७६ बालकं वर्षाच्या आत दगावत होती. १९७६ पर्यंत तो आकडा ५२ वर आला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली लोकांच्या हातातल्या आरोग्यसेवेवर पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण होतं. तीन वर्षांनी अल्मा-आटाच्या जाहीरनाम्यात 'प्राथमिक आरोग्यसेवा' हा शब्द जगभर गेला. १९७९ साली या जोडप्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

असं काम आज उभं करायचं तर पैसा कुठून येईल? मोठा स्रोत म्हणजे सीएसआर, कंपन्यांनी समाजकार्यावर करायचा खर्च. २०१३ च्या कंपनी कायद्यातलं १३५ वं कलम १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपयांच्या वर आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची. आरोग्य, शिक्षण, उपजीविका हे तिन्ही विषय कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहेत. चांगली गोष्ट आहे, नाही म्हणायचं कारण नाही. पण दोन ठिकाणी पाचर आहे. कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावं असं कायदाच सांगतो, आणि कारखाने काही दुर्गम धडगावात किंवा भामरागडात नाहीत. दुसरी पाचर मुदतीची. 'चालू प्रकल्प' म्हणून ज्याची नोंद होते, त्याला सुरू झालेलं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं. पुढे नवा प्रस्ताव, नवं सादरीकरण, कधी कंपनीतला अधिकारीही नवा. त्याला पहिल्यापासून सगळं सांगायचं.

परदेशी देणग्यांचं दार त्यासाठीच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर अरुंद झालं. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. त्याहून खोल घाव दुसऱ्या कलमाने घातला: परदेशी देणगी घेणारी संस्था ती रक्कम आता दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्थेने पैसा आणायचा, हिशेब सांभाळायचा आणि तालुक्याच्या गावी चार माणसांनी चालवलेल्या संस्थेला त्यातून बळ द्यायचं, ही साखळीच तुटली. परदेशी पैशाचा हिशेब ठेवायला हवा, याबद्दल दुमत नाही. पण तालुक्याच्या संस्थेला स्वतंत्र नोंदणी, दिल्लीच्या स्टेट बँकेत खातं आणि दरवर्षीची कागदपत्रं झेपावीत कशी? त्यासाठी हिशेबनीस हवा, आणि हिशेबनिसाचा पगार पुन्हा त्याच कापल्या जाणाऱ्या ओळीत.

शिक्षण आणि रोजगाराच्या बाबतीत पाबळचा विज्ञान आश्रम मला फार बोलका वाटतो. हिंदुस्थान लीव्हरमधले शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग नोकरी सोडून १९८३ साली शिरूर तालुक्यातल्या या कोरडवाहू गावात येऊन राहिले. हाताने काम करता करता डोकं चालतं, हा त्यांचा साधा सिद्धांत. त्यातून शाळांसाठी 'मूलभूत तंत्रज्ञान परिचय' हा विषय तयार झाला. वेल्डिंग आणि सुतारकाम, शेती आणि जनावरं, वीज आणि मोजणी, स्वयंपाक आणि रक्ताची तपासणी, हे सगळं हायस्कुलातल्या पोरापोरींनी करायचं. शिकवायला गावातलाच फॅब्रिकेशनवाला, गावातलीच शिवणकाम करणारी ताई. मुलांनी बनवलेली खिडकीची जाळी किंवा दुरुस्त केलेली मोटर गावाने पैसे देऊन घ्यायची.

देणगीदाराला इथे यंत्रं दिसतात. वेल्डिंग मशीन द्यायला कंपन्या एका पायावर तयार असतात. मशीन एकदा आलं की ते दहा वर्षं चालतं. ते चालवायला शिकवणाऱ्या माणसाचं महिन्याचं मानधन मात्र एका वर्षाच्या आत संपतं आणि मशीनवर ताडपत्री पडते. कलबागांनी याचा विचार आधीच केला होता. गावच्या कारागिराला पूर्णवेळ मास्तर करायचं नाही, आठवड्यातून थोडा वेळ बोलवायचं, म्हणजे खर्च शाळेला आणि गावाला उचलता येईल. ही काटकसर कुणा फंडरने सुचवलेली नव्हती.

आता वाडीकडे येऊ. उरुळी कांचनला गांधीजींनी सुरू केलेल्या निसर्गोपचार आश्रमात राहिलेले मणिभाई देसाई यांनी १९६७ साली 'बायफ' ही संस्था काढली. संकरित गाई आणि दारात येऊन होणारं कृत्रिम रेतन यांसाठी ती आधी ओळखली गेली. पुढे १९८० च्या दशकात दक्षिण गुजरातेतल्या वांसद्यात आदिवासी कुटुंबांसोबत वाडीचा प्रयोग झाला आणि तिथून तो जव्हार-मोखाड्याकडे आला. एक एकर माळरान. त्यावर कलमी आंबा आणि काजू, कडेने कुंपणाची झाडं, मधल्या जागेत भात, नागली, भाजी. हेतू साफ होता: दिवाळी झाली की बिऱ्हाड घेऊन वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांकडे निघणारं कुटुंब गावातच राहावं.

पण कलमी आंबा हातात पैसा देईपर्यंत पाचेक वर्षं जातात. तोवर खायचं काय? खड्डे खोदण्याची, बांध घालण्याची मजुरी त्या कुटुंबालाच, त्याच्याच जमिनीवर दिली गेली. उन्हाळ्यात रोपाला डोक्यावरून पाणी आणावं लागतं, आणि ते दर उन्हाळ्यात आणलं नाही तर कागदावरची वाडी मातीत वाळते. मधल्या पिकाने पहिली वर्षं निभावतात. म्हणजे अनुदान रोपांवर कमी आणि फळ येईपर्यंत माणसाला धरून ठेवण्यावर जास्त खर्च होतं. शेती आणि ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेला, नाबार्डला, हे समजलं. २००३-०४ साली त्यांनी आदिवासी विकास निधी उभारला तो वाडीचा नमुना समोर ठेवून, आणि मुदत तीन वर्षांहून लांब धरून. झाडाने वित्तसंस्थेला वेळापत्रक बदलायला लावल्याची उदाहरणं फार नसतील.

मराठी मुलखाला ही समज नवी नाही. रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहासाठी भाऊराव पाटलांनी घरोघर मूठमूठ धान्य मागितलं, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. ते पैसे मुलांच्या भाकरीवर गेले. आजच्या भाषेत तो आवर्ती खर्च, म्हणजे देणगीदाराला नकोसा. सरकारी अनुदान मिळू लागल्यावर त्यालाही एक दोरी असते, हे रयतने अनुभवलं. भाऊरावांनी केलेल्या जाहीर टीकेनंतर १९४८ साली मुंबई सरकारने ते बंद केलं. पुढे ते पुन्हा सुरू झालं, त्यात गाडगेबाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे टाकलेला शब्द होता.

उलट, देणगी न थांबल्याचं उदाहरण गडचिरोलीत सापडतं. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ पासून काम करताहेत. आरोळ्यांसारखेच तेही हॉपकिन्सला शिकून आले. नवजात बाळाची काळजी गावातली शिकवलेली बाई घरी जाऊन घेऊ शकते का, हा त्यांचा प्रश्न. तो तपासायला ३९ गावांत काम आणि ४७ गावांशी तुलना ठरली. १९९३ पासून आधी नुसती मोजदाद, १९९५ पासून प्रत्यक्ष सेवा, १९९८ ला हिशेब. फोर्ड आणि मॅकआर्थर या अमेरिकी प्रतिष्ठानांनी पैसा दिला, आणि पहिली दोन वर्षं दाखवण्यासारखा एकही वाचलेला जीव नसताना तो थांबवला नाही. काम झालेल्या गावांत नवजात मृत्यूचा दर हजारी ६२ वरून २५.५ वर आला. 'लॅन्सेट'ने १९९९ साली ते छापलं.

२०११ मध्ये केंद्र सरकारने ही पद्धत देशभरातल्या 'आशा' या गावपातळीवरच्या आरोग्यकार्यकर्त्यांच्या कामात घेतली. बाळंतपण दवाखान्यात झालं तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत सहा भेटी, घरी झालं तर पहिल्या दिवसाची धरून सात. तापमान घ्यायचं, वजन करायचं, श्वास मोजायचा, आईला दूध पाजायची रीत दाखवायची, पावसात ओढा ओलांडून पाड्यावर जायचं. सगळ्या भेटी पुऱ्या झाल्या आणि तक्ता भरून सही झाली की आशाला एका बाळामागे २५० रुपये मिळतील असं ठरलं.