घोड्याची चंदी आणि खनिजांचा समतोल

पिठाच्या गिरण्यांत राबणाऱ्या घोड्यांना एके काळी युरोपात एक चमत्कारिक व्याधी जडत असे. चेहऱ्याची हाडे दोन्ही बाजूंनी फुगत, दात सैल होत, आणि जनावर कधी एका पायाने तर कधी दुसऱ्या पायाने लंगडू लागे. गिरणीत कोंड्याची वाण नसल्यामुळे तोच घोड्यांना भरपूर घातला जाई. म्हणून या विकारास ‘कोंड्याचा रोग’ असे नाव पडले. भरल्या दावणीपुढे उभ्या असलेल्या घोड्याची हाडे झिजावीत, ही गोष्ट वरवर पाहता विसंगत वाटते. परंतु तिचे कारण सरळ आहे.

गव्हाच्या एक किलोग्रॅम कोंड्यात सुमारे ११ ग्रॅम फॉस्फरस असतो, तर कॅल्शियम जेमतेम सव्वा ग्रॅम. आतड्यात फॉस्फरसाचे आधिक्य झाले की कॅल्शियमचे शोषण नीट होत नाही. रक्तातील कॅल्शियम घटू लागताच गळ्यातील परावटु ग्रंथी अधिक स्राव सोडतात आणि हाडांतील साठा काढून रक्ताची उणीव भरली जाते. हाडांची जागा हळूहळू मऊ तंतुमय ऊतक घेते. यास्तव घोड्याच्या एकूण आहारात कॅल्शियम फॉस्फरसाहून कधीही कमी असू नये. दीडपट ते दुप्पट असल्यास उत्तम.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, ५०० किलोग्रॅम वजनाच्या, काम नसलेल्या प्रौढ घोड्यास रोज २० ग्रॅम कॅल्शियम व १४ ग्रॅम फॉस्फरस लागतो. असा घोडा रोज ७ किलोग्रॅम वाळलेले गवत व ३ किलोग्रॅम कोंडा खातो असे धरू. बेताच्या प्रतीच्या गवतातून २८ ग्रॅम कॅल्शियम व १४ ग्रॅम फॉस्फरस मिळेल. कोंड्यातून अनुक्रमे ४ व ३३ ग्रॅम. बेरीज ३२ व ४७ होते. कॅल्शियम गरजेहून अधिक असूनही प्रमाण उलटे झाले, आणि धोका निर्माण झाला तो या उलट्या प्रमाणामुळे.

आता दोन किलोग्रॅम कोंडा कमी करून तितकीच वाळलेली लसूणघास घातली, तर कॅल्शियम सुमारे ५५ आणि फॉस्फरस ३० ग्रॅम होतो. कोणतीही भुकटी विकत न घेता प्रमाण सुधारले. लसूणघास मिळत नसेल, तर कोंडा एक किलोग्रॅमवर आणून खाद्यासाठी तयार केलेली चुनखडीची भुकटी ५० ग्रॅम द्यावी. तीतून सुमारे १९ ग्रॅम कॅल्शियम मिळते. हत्तीगवतासारख्या उष्ण प्रदेशातील काही गवतांत ऑक्झलेट असते व ते कॅल्शियमला जखडून ठेवते. अशा गवतावर पोसलेल्या घोड्याबाबत अधिक सावध राहावे लागते.

जीवनसत्त्वांचा हिशेब निराळा आहे. ‘क’ जीवनसत्त्व घोड्याचे यकृत स्वतः तयार करते. ‘ब’ गटातील जीवनसत्त्वे मोठ्या आतड्यातील सूक्ष्मजंतू पुरवितात. ‘ड’ उन्हातून मिळते. हिरव्या चाऱ्यात ‘अ’ जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्य व ‘ई’ जीवनसत्त्व विपुल असते. मात्र गवत वाळवून साठविले की ही दोन्ही झपाट्याने नष्ट होतात. म्हणून महिनोन्‌महिने तबेल्यात बांधलेल्या व केवळ सुक्या वैरणीवर असलेल्या घोड्यास ‘ई’ जीवनसत्त्वाची पूर्ती विशेष उपयुक्त ठरते. मीठ तर प्रत्येकासच हवे: रोज सुमारे २५ ग्रॅम, आणि घाम गाळणाऱ्या घोड्यास त्याहून पुष्कळ अधिक.

बाजारातील पूरक खाद्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्यात केवळ खनिजे व जीवनसत्त्वे असतात आणि त्याची मात्रा काही ग्रॅमांची असते. दुसरा म्हणजे समतोलक खाद्य. त्यात प्रथिनेही असतात व ते रोज काही शे ग्रॅम द्यावे लागते. वैरण निकृष्ट असेल, अथवा घोडा लवकर स्थूल होत असल्यामुळे दाणा बंद केला असेल, तेथे दुसरा प्रकार सोयीचा. ज्या घोड्यास तयार मिश्रखाद्य शिफारशीइतके मिळते, त्यास बहुधा दोहोंचीही गरज नसते.

खरेदी करताना वेष्टनावरील टक्केवारीपेक्षा एका दिवसाच्या मात्रेत प्रत्यक्ष किती मिलिग्रॅम पडतात हे पाहावे. वर सांगितलेल्या घोड्याची रोजची गरज तांबे १०० मिलिग्रॅम, जस्त ४०० मिलिग्रॅम व सेलेनियम केवळ १ मिलिग्रॅम एवढी आहे. गुरे-कोंबड्यांसाठी केलेले खाद्य घोड्यास देऊ नये. त्यांतील काहींत मोनेन्सिन हे औषध मिसळलेले असते आणि त्याची अल्प मात्राही घोड्याच्या हृदयास घातक ठरते.

सेलेनियमच्या बाबतीत हयगय मुळीच चालत नाही. एप्रिल २००९ मध्ये अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात एका पोलो संघाचे २१ घोडे दगावले. त्यांना टोचलेल्या, खास बनवून घेतलेल्या जीवनसत्त्व-खनिजांच्या मिश्रणात सेलेनियम प्रमाणाबाहेर पडले होते. थोडे आधिक्य दीर्घकाळ होत राहिले तर आयाळ व शेपटीचे केस झडतात, खुरांना चिरा पडतात. पंजाबातील होशियारपूर व नवांशहर भागांत काही जमिनींतच सेलेनियम अधिक आहे. तेथील चाऱ्यावर वाढणाऱ्या जनावरास ते वरून देणे म्हणजे विषाची भर घालणेच होय.

यावरून निवडीचा क्रम ठरतो. प्रथम घोड्याचे वजन व रोजच्या वैरणीचे, दाण्याचे आणि कोंड्याचे वजन मांडावे. शक्य तेथे चाऱ्याचे पृथक्करण करून घ्यावे. नंतर पशुवैद्याच्या सल्ल्याने उणीव निश्चित करावी व तेवढीच भरून काढावी. एकच द्रव्य असलेली दोन पूरके एकाच वेळी देऊ नयेत. तबेल्यात तराजू ठेवला आणि मोतद्दारास चंदी मापाने नव्हे तर वजनाने देण्याची सवय लावली, तर अनेक महागड्या डब्यांचा खर्च वाचेल आणि घोड्याची हाडेही शाबूत राहतील.