अवबाहुक म्हणण्यापूर्वी : खांदेदुखीचे परीक्षण

'खांदा दुखतो, हात वर जात नाही' एवढे रुग्णाने सांगितले की आपल्यापैकी अनेकांच्या केसपेपरवर 'अवबाहुक' हा शब्द उमटतो आणि पाठोपाठ महानारायण तेल व योगराज गुग्गुळ. आम्हीही अनेक वर्षे असेच करीत आलो. वास्तविक सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात अवबाहुक आणि विश्वाची हे दोन व्याधी पृथक् वर्णिले आहेत. पहिल्यात अंसदेशी स्थित वायू अंसबंधनाचा शोष करतो. दुसऱ्यात तळहात व बोटांकडे जाणाऱ्या कंडरा दुष्ट होऊन बाहूचे कर्म क्षीण होते. हा भेद प्रत्यक्ष परीक्षणानेच कळतो.

परीक्षण करताना दोन्ही खांदे उघडे करून रुग्णाच्या पाठीमागे उभे राहावे. स्कंधावरील मांस एका बाजूस ओसरले आहे काय, हे समोरून सहसा दिसत नाही. नंतर रुग्णास स्वतः हात हलविण्यास सांगावे. त्यानंतर त्याने हात सैल सोडावा आणि तोच हात वैद्याने हलवावा. ही दुसरी पायरी आपल्याकडे फार वेळा गाळली जाते, आणि निदान तर तिच्यातच दडलेले असते. कोपर बरगडीस टेकवून काटकोनात दुमडावे व पुढचा हात बाहेरच्या बाजूस फिरवावा. वैद्याच्या हातीही तो अडत असेल, तर संधीचे आवरण आखडले आहे, म्हणजेच फ्रोझन शोल्डर, असे समजण्यास आधार मिळतो. मात्र संधिवातातही हात असाच अडतो, म्हणून एक एक्स-रे काढून घ्यावा. या रुग्णांत मधुमेहाचे प्रमाण लक्षणीय असते. पूर्वी निदान झालेले नसले तरी रक्तशर्करा तपासावी.

याउलट वैद्याच्या हाती हात पूर्ण वर जातो, पण रुग्णास स्वबळाने उचलता येत नाही किंवा साधारण ६० ते १२० अंशांच्या दरम्यानच कळ येते, तेव्हा दोष रोटेटर कफच्या स्नायूंत शोधावा. अशा खांद्यास जोराने मर्दन करू नये. मान वळविताच वेदना वाढते, मुंग्या कोपराखाली उतरतात, तर विकृती मानेत असण्याचा संभव अधिक.

आणि खांद्याच्या सर्व हालचाली मोकळ्या व वेदनारहित असतील तर? काही वर्षांपूर्वी पन्नाशीच्या एका गृहस्थांच्या डाव्या खांद्यास आम्ही तीन दिवस स्नेहन-स्वेदन केले. चौथ्या दिवशी ते सहज म्हणाले, "जिना चढलो की दुखतं, बसलो की थांबतं." तेव्हा कुठे आम्ही त्यांचा हात स्वतः हलवून पाहिला, तो कोठेही अडत नव्हता. त्याच दिवशी त्यांना हृद्रोगतज्ज्ञांकडे पाठविले. वेदना हृदयाची होती. ते बचावले, हे त्यांचे दैव. आमचे प्रश्नपरीक्षण मात्र तीन दिवस उशिरा झाले होते. उजव्या खांद्याच्या टोकाशी दुखत असता पित्ताशयाचा, आणि धूम्रपान करणाऱ्याच्या हाताची करंगळीकडील बाजू दुखून पंजा बारीक होत असता फुप्फुसाच्या शिखरावरील अर्बुदाचा विचार असाच करावा लागतो.

औषधविक्रेते बंधूंनी परीक्षण करावे अशी अपेक्षा नाही. परंतु खांद्यासाठी तेल मागणाऱ्यास 'हात हलविल्यावर दुखते की चालल्यावर?' एवढे विचारावे. उत्तर 'चालल्यावर' असे आले, किंवा सोबत घाम व छातीत दडपण असेल, तर तेलाची बाटली देण्याऐवजी त्यास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.