जुन्या वस्त्रांची निगा

आजीची पैठणी पेटीत जपून ठेवलेली असते. बऱ्याच वर्षांनी पेटी उघडावी, तर ती घडीवरच चिरलेली! बाकी पदर धड, घडीची रेघ तेवढी फाटलेली. असे का होते? माणसासारखा धागाही म्हातारा होतो. एकाच जागी दुमडून राहिला की तिथेच तुटतो. शिवाय ऊन रंग खाते, ओलीने बुरशी येते आणि कसर लोकर कुरतडते.

घरच्या पैठणीची ही गत, मग राजवाड्यांतल्या शेकडो वर्षांच्या वस्त्रांचे काय? ती सांभाळायला शिकलेली माणसे लागतात. अशी माणसे तयार करण्यासाठी १९७५ साली इंग्लंडात, हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात, एक केंद्र निघाले. ते काढले कॅरन फिंच या बाईंनी.

तिथे विद्यार्थी काय शिकत? पहिला धडा हात आवरण्याचा! मळके कापड दिसले की आपण म्हणतो, "आण इकडं, धुऊन टाकू." विद्यार्थी तसे करीत नाही. धागा कशाचा, कापड कुठे विरले, हे तो आधी पाहतो आणि लिहून ठेवतो. मग कोपऱ्यावर थेंबभर पाणी टाकून टीपकागदाने टिपतो. कागदाला रंग लागला, तर ते कापड पाण्यात घालायचे नाही. फाटल्या जागी खाली नवे कापड लावून बारीक धाग्याने अलगद टाके घालायचे. पुढे कोणाला ते उसवायचे झाले, तर जुन्या धाग्याला इजा होता कामा नये.

डागही सरसकट काढायचा नाही. लढाईतल्या अंगरख्यावरचा रक्ताचा डाग धुतला, तर लढाईची खूणच गेली. जुने ते नवे करून दाखवायचे नाही; आहे ते टिकवायचे.

ही विद्या नुसत्या पुस्तकाने येत नाही. जाणत्याने शेजारी बसून शिकवावी लागते. हे केंद्र १९९९ साली विंचेस्टरला गेले. पुढे खर्च झेपेना, म्हणून २००९ साली बंद पडले. शिकवणारे पांगले की विद्याही पांगते. पण जाणत्या लोकांनी धडपड केली आणि २०१० साली स्कॉटलंडच्या ग्लासगो विद्यापीठात हे शिक्षण पुन्हा सुरू झाले.

आपल्यालाही यातून घेण्यासारखे आहे. पैठणी कडक उन्हात टाकू नका. सावलीत वारा द्या. सुती फडक्यात गुंडाळा. डांबरगोळी कापडाला टेकू देऊ नका. आणि अधूनमधून घडीची जागा बदला. एवढे केले, तर आजीची पैठणी नातीच्याही अंगावर शोभेल.